ब्याऐंशी अंगठे

"अगं, तू ये पुढे. अंगठा तुझाच बरा. तुमच्याकडे सगळ्यांना सवय असते."

सर असं बोलले आणि विभागाच्या खोलीत बसलेले सगळे हसले. दोन मॅडम हसल्या. लिपिक हसला. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की ही फक्त दुसऱ्यांची उणीदुणी काढते.

दुपारचे बारा वाजले होते. टेबलावर फॉर्मचे गठ्ठे. शेजारी जांभळ्या शाईचं पॅड. पंख्याने कागद उडत होते म्हणून त्यांच्यावर पंचिंग मशीन ठेवलेलं. दोन दिवसांनी विद्यापीठाची संशोधन समिती आमच्या कॉलेजात येणार होती. भिवंडीतल्या कॉलेजात असं कुणी यायचं म्हटलं की आठवडाभर आधी जिने धुतात. आमचं धुणं वेगळं चाललं होतं. फॉर्मवरची उत्तरं सगळ्यांनी मिळून भरून टाकली होती, पंख्याखाली बसून, वडापाव खात. खाली एक चौकोन उरला होता. उत्तर देणाऱ्या महिलेची सही किंवा अंगठा.

सह्या करायच्या तर ब्याऐंशी बायकांची ब्याऐंशी अक्षरं काढावी लागली असती. अंगठ्याचं सोपं. अंगठा कोण बघतो? मॅडमना संध्याकाळी हळदीकुंकवाला जायचं होतं, शाई लागलेले हात कसे चालणार? लिपिक म्हणाला, मला बाकीच्या फायली लावायच्यात. राहिले मी.

"थोडा तिरका दे. एकदा नुसतं टोक. एकदा डावा. सारखे दिसता कामा नयेत." सर शेजारी उभे राहून शिकवत होते. एम.ए.लाही त्यांनीच शिकवलं मला. चांगलं शिकवायचे.

मी दिला. तिरका दिला, टोकाचा दिला, डावा दिला. पन्नासाव्या फॉर्मनंतर तर मी फॉर्मकडे बघणंही सोडलं. एक मॅडम पान उलटायच्या, मी दाबायचे. छान लय लागली होती आमची.

मग बाथरूममध्ये जाऊन साबणाने हात घासले. शाई गेली नाही. शेअर रिक्षात मूठ मिटून बसले. घरी आईने ताट वाढलं आणि तिची नजर गेली.

"आंगठ्याला काय गो लागलाय?"

"शाई."

"कसली?"

"परीक्षेची."

आईने ताट पुढे सरकवलं. वरण वाढलं. मी आईशी इतकी सहज खोटं बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते.

आमचं गाव अंजूरच्या अंगाला, खाडीकडे. भाताची जमीन होती. आता गोदामं आहेत. मी लहान असताना एक दलाल गावात यायचा, पांढरी चप्पल घालून. ओटीवर बसायचा, चहा घ्यायचा, म्हाताऱ्यांना मामा-मावशी म्हणायचा आणि कागदावर अंगठे घ्यायचा. कागदात काय आहे ते कुणी वाचलं नाही. वाचता कुणाला येत होतं? पुढे पत्र्याची भिंत उभी राहिली तेव्हा कळलं, आपण काय देऊन बसलोय. माझी आजी त्या भिंतीला हात लावून उभी राहायची. वेड लागल्यासारखी नाही, शांतपणे. रोज थोडा वेळ.

त्यानंतर गावात बायकांचा बचत गट निघाला. पहिल्याच बैठकीत बायकांनी नियम केला: कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही. सही शिकायची. जी अंगठा देईल तिने महिनाभर देवळाचं अंगण झाडायचं, आणि का झाडतेय ते विचारणाऱ्याला सांगायचं. माझी आई पस्तिशीत सही शिकली. चुलीपुढे राखेत बोटाने गिरवायची. आजही ती सही करायला बसली की घरात कुणी बोलायचं नाही. मागे एकदा रेशन दुकानदार तिला म्हणाला, "द्या अंगठा, लवकर होईल." आई त्याला म्हणाली, "आंगठा द्यावाला आमी काय मेलेलं हाव?"

अशा घरातली मी. आणि सर म्हणाले, तुमच्याकडे सगळ्यांना सवय असते. खरं तर त्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं. तेव्हा मी हसले.

मी समाजशास्त्राची प्राध्यापक. म्हणजे तासिका तत्त्वावरची. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली तर काही नाही. दर जूनला नवा आदेश, आणि तो विभागप्रमुखांच्या शिफारशीवर. विभागप्रमुख म्हणजे सर. त्यांचं घराणं भिवंडीतलं जुनं, शिकलेलं. आजोबा शिक्षक, वडील शिक्षक. विभागात ते सगळ्यांना मॅडम म्हणायचे. मला मात्र 'अगं'. मी त्यांची विद्यार्थिनी होते म्हणून, असं मी स्वतःला समजवायचे. दुसऱ्या मॅडमही त्यांच्याच विद्यार्थिनी होत्या, तेवढं फक्त विसरायचे.

विद्यापीठ दरवर्षी शिक्षकांना लहानसा संशोधन निधी देतं. आपण प्रस्ताव करायचा, समितीपुढे मांडायचा, समितीला पटला तर पैसे आणि मुदत मिळते. मी प्रस्ताव लिहिला. गोदामात पॅकिंगचं काम करणाऱ्या आमच्याकडच्या बायका. पिण्याचं पाणी, संडास, पाठदुखी, बसायला जागा. एकशेवीस बायकांशी बोलायचं ठरवलं. चार महिने लिहीत होते. सरांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "उत्तम." मला रडू आलं होतं. कुणीतरी उत्तम म्हणालं होतं.

"पण तुला मिळणार नाही," ते पुढे म्हणाले. "निधी फक्त कायम शिक्षकाला मिळतो. नियमच आहे. माझ्या नावाने पाठवू. काम तूच कर. तुझं नाव क्षेत्र सहाय्यक म्हणून घालतो."

नियम होता, हे खरं. मी शोधून वाचला. कायम शिक्षकालाच. नियम कुणी केला, कशासाठी केला, ते त्यात लिहिलेलं नव्हतं.

समितीपुढे मांडायच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर फाइल घेऊन. दारातून माझी वाक्यं ऐकू येत होती. सरांच्या आवाजात. शब्द न् शब्द माझा. मध्येच सर बाहेर आले. "अगं, त्या पाण्याच्या मुद्द्याला काय आधार दिला होतास?" मी सांगितलं. ते आत गेले. पुन्हा बाहेर आले. "बायका घरी बोलतील की गोदामात?" मी सांगितलं. ते आत गेले आणि माझं उत्तर माझ्यापेक्षा छान शब्दांत म्हणाले. आतून कुणीतरी म्हणालं, "विषयाची चांगली जाण आहे तुम्हाला." मी बाहेर बसल्या बसल्या मान हलवली. माझं कौतुक झालं की काय असंच मला वाटलं. मूर्ख होते मी.

प्रस्ताव मंजूर झाला. मी कामाला लागले.

गोदामात मला कुणी सोडेना. वळ गावच्या रस्त्याला ते गोदाम आहे, गेटवर वॉचमन. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर झाडाखाली बायकांना गाठायचे, नाहीतर त्यांच्या सुट्टीच्या दिवशी घरी जायचे. आमच्याच गावच्या, आजूबाजूच्या. एकीशी बोलायला दीड तास. कुणी भाजी निवडत बोलायची, कुणी पोराला न्हाऊ घालत. पहिल्यांदा सगळ्या म्हणायच्या, सगलं बरं हाय. मग चहा व्हायचा. मग खरं निघायचं.

हिरूकाकी आमच्या आळीतली. माझ्या आईपेक्षा थोडी मोठी. ती ज्या गोदामात खोकी भरायची ते गोदाम तिच्याच भाताच्या जागेवर उभं होतं. ती हे असं सांगायची की ऐकणाऱ्याला काय करावं कळायचं नाही. "यो जो लिफ्टचा खांब हाय ना, तथं आमची बांधावरची चिंच होती."

मी विचारलं, दिवसातून पाणी किती वेळा पिता?

काकी हसली. "पानी? घरशी न पिताच निंगताव. दिसभर न्हाय पित."

"का?"

"पिला तं जावाचा कुठं? संडासाला कुलूप हाय. चावी सुपरवायझरकडं. तो बाप्या मानूस. दर टायमाला त्याच्याम्होरं हात पसरून उभं ऱ्हावाचा? त्यो बोलतो, आत्ताच गेलतीस ना? साऱ्यांम्होरं बोलतो. लाज वाटतं गो पोरी. त्याच्यापेक्षा तान बरी."

मी लिहून घेतलं. सतरा नंबरचा फॉर्म. नियमाप्रमाणे फॉर्मवर नाव नसतं, फक्त नंबर, म्हणजे बाईवर बालंट नको. मी काकीला ते समजावलं. ती ऐकून घेत होती.

"मना नंबर नको. माजा नाव लिव."

"काकी, नियम आहे."

"नियम त्यांचा. तोंड माजा हाय."

शेवटी मी म्हणाले, वर नंबर घालते, खाली तुम्ही सही करा. मग ती पुढे सरकून बसली. पेन घट्ट धरलं. 'हि' काढायला वेळ लागला, 'रा' काढायला त्याहून जास्त. हिरा. एवढंच. मग पेन मला परत देताना तिने विचारलं, "यो कागूद आता कुठं जानार?"

"विद्यापीठात."

"तथं कोन वाचनार?"

"समिती वाचेल. मोठे लोक आहेत."

"मंग मना सांग, वाचून काय बोलले ता."

सांगते म्हणाले. शब्द दिला.

अडतीस बायका झाल्या. अडतीस सह्या. काही वाकड्या, काही चौकोनाबाहेर गेलेल्या. अंगठा एकही नाही. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आमच्याकडे तसंच असतं.

आणि मुदत संपत आली. निधीचा दुसरा हप्ता उशिरा आला, मग परीक्षा, मग निवडणुकीची ड्युटी. मी सरांना म्हणाले, अडतीसच दाखवू या, तसं खरं खरं लिहू या. सरांनी माझ्याकडे पाहिलं, हट्टी लेकराकडे बघतात तसं.

"अगं, एकशेवीस लिहिलेत तर एकशेवीस लागतील. नाहीतर शेरा येतो. पुढचा मोठा प्रकल्प अडतो. माझी बढती अडते. आणि तुझा जून."

तुझा जून. बस. दोन शब्द.

म्हणून ती दुपार. ते पॅड. मी भीतीपोटी दिले ते अंगठे. कुणी माझा हात धरला नव्हता. धाकट्या भावाचं शिक्षण, आईचं औषध, सगळी कारणं माझ्याकडे तयार आहेत. आजही तयार आहेत. पण दाबला मीच.

समिती आली. बिलं तपासली. झेरॉक्सचं बिल, रिक्षाचं बिल, टोनरचं बिल. एका बिलावर दुकानदाराचा शिक्का नव्हता, त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. मग फॉर्म मोजले. एकशेवीस भरले. वाचला एकही नाही. चहा झाला, काजूकतली झाली, सरांच्या पाठीवर थाप पडली. मी दाराशी उभी राहून सगळं बघत होते आणि मला हायसं वाटत होतं, हेही लिहिते.

काकीला मी सांगायला गेले नाही. काय सांगणार? रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या आळीने जायचे. एकदा समोरासमोर आलीच. पायांना सूज होती. चेहरा भरल्यासारखा. "काय बोलले गो ते?" तिने विचारलं.

"अजून वाचतायत, काकी."

"बरं. वाचू दे. निवांत वाचू दे."

त्यानंतर महिन्याभरात काकी गेली. ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं होतं. मूत्रपिंडाचं काही होतं, एवढंच तिच्या सुनेला सांगता आलं. पाणी न पिण्यामुळे झालं का, मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. मी तो प्रश्न विचारणारी बाई होते, आणि उत्तर माझ्याच हस्ताक्षरात माझ्याकडे होतं.

तेव्हापासून तो आवाज सुरू झाला. वर्गात फळ्यावर लिहीत असते आणि मागून कुणीतरी विचारतं, काय बोलले गो ते? मी वळते. पोरं वह्यांत मान घालून बसलेली. भाकरी थापताना ऐकू येतो. रिक्षा गोदामाच्या भिंतीवरून जाते तेव्हा तर हमखास. मी काही भुताखेतावर विश्वास ठेवणारी नाही. समाजशास्त्र शिकवते. पण खडू हातात धरून मी अर्धा अर्धा मिनिट नुसती उभी राहायचे. एका मुलीने येऊन विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मला त्या मुलीच्या डोळ्यांत बघवेना.

आणि मग अहवालाचा सारांश छापून आला, कॉलेजच्या लेटरहेडवर, एक पान, तळाला क्षेत्र सहाय्यक म्हणून माझं नाव. गोदामाने परवानगी दिली नव्हती तरी सरांनी 'सौजन्य' म्हणून त्यांना एक प्रत पाठवली. वाक्य असं होतं: 'बहुसंख्य महिला कामगार पाणी व स्वच्छतागृहाच्या सुविधेबाबत समाधानी आढळल्या.'

त्या ब्याऐंशी फॉर्मवर आम्ही काय भरलं होतं ते मला तेव्हा आठवलं. पाणी पुरेसं आहे का? होय. स्वच्छतागृह आहे का? होय. होयचा रकाना डावीकडे होता. पेन पहिलं तिथंच टेकत होतं. त्यात कट नव्हता, द्वेष नव्हता. नुसता कंटाळा होता. लवकर संपवून घरी जायचं होतं सगळ्यांना.

काकी गेल्यावर बायका जाग्या झाल्या होत्या. पंधरा-वीस जणी मिळून मॅनेजरकडे गेल्या. चावी बायकांच्या हाती द्या, एवढंच मागणं. मॅनेजरने ते पान काढून दाखवलं. वाचून दाखवलं. "ये देखो, आपकेही गाँव की मॅडम का सर्वे है. तुमच्याच बायका बोलल्यात, सगळं चांगलं आहे." आणि ते पान त्याने ऑफिसच्या काचेला आतून चिकटवलं, येता-जाता दिसेल असं.

संध्याकाळी बायका माझ्या घरी आल्या. अंगणात उभ्या राहिल्या. काकीची सून पुढे होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तूच लिवलास का ता?"

आई दारात. मी ओटीवर. सांगितलं. सगळं सांगितलं. अडतीस खरे, ब्याऐंशी खोटे. खोट्यांवर अंगठे आहेत. अंगठे माझे.

बायका माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग आई बोलली, माझ्याकडे न बघता. "तुना शिकवून आमी काय कमावलं?"

गटाचा नियम सगळ्यांना सारखा. दुसऱ्या दिवसापासून मी देवळाचं अंगण झाडायला लागले. सकाळी सहाला, कॉलेजला जायच्या आधी. गावातली माणसं यायची, दर्शन घ्यायची, विचारायची, "मॅडम, तुम्ही?" नियमाप्रमाणे मी सांगायचे. का झाडतेय ते. पहिल्या दिवशी वाक्य अर्धंच बाहेर आलं. पाचव्या दिवशी वाक्य नीट यायला लागलं. मी कॉलेजात खोट्या कागदांवर अंगठे दिले. दहाव्या दिवशी ते वाक्य मी झाडू न थांबवता बोलले. तेव्हा मला कळलं की हे वाक्य मी चुकीच्या लोकांना सांगतेय. ज्यांना सांगायला हवं ते देवळात येत नाहीत.

अंतिम मूल्यमापनाचा दिवस आला. समिती पुन्हा आली. या वेळी बाहेरगावच्या एक तज्ज्ञ मॅडम होत्या, पिकल्या केसांच्या. सर आत मांडत होते. मी बाकावर, अहवालाच्या प्रती घेऊन. शिपाई बाहेर येऊन म्हणाला, प्रती वाटायला बोलावलंय. मी आत गेले. वाटल्या. मग बाहेर न जाता तिथेच उभी राहिले.

"झालं, जा तू," सर म्हणाले.

"मला बोलायचंय."

"नंतर."

तज्ज्ञ मॅडमनी वर पाहिलं. "या कोण?"

"आमच्या क्षेत्र सहाय्यक."

"मग बोलू दे की. गावात त्याच गेल्या असतील."

मी म्हणाले, "तो गठ्ठा उघडा. अडतीस फॉर्मवर सह्या आहेत. बाकी ब्याऐंशींवर अंगठे आहेत. आमच्याकडच्या बायका अंगठा देत नाहीत. एकही नाही. जमिनी गेल्यापासून देत नाहीत. तुम्हाला वाटलं गावाकडच्या बायका म्हणजे अंगठाच असणार. म्हणून कुणाला संशय आला नाही. ते सगळे अंगठे माझे आहेत. या कॉलेजच्या विभागात बसून दिलेत."

सरांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. ते उठले, आणि अगदी हळू, मायेने म्हणाले, "मॅडम, तुमची तब्येत बरी दिसत नाही."

मॅडम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझी किंमत त्या खोलीत कशामुळे वाढली ते मला नीट कळलं.

तज्ज्ञ मॅडमनी गठ्ठ्याची दोरी सोडली. एक फॉर्म काढला, सहीचा. वाचायला लागल्या. दुसरा काढला. अंगठ्याचे चार-पाच एकाशेजारी एक मांडले. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही का दिलेत?"

"नोकरीसाठी."

"आणि आता?"

"आता एक बाई मेली आहे. ती काय म्हणाली ते तुमच्यापैकी कुणी वाचलेलं नाही."

समितीतले एक गृहस्थ घाईघाईने म्हणाले, "हे आपण अंतर्गत बघू. बाहेर जायला नको." लगेच दोघांनी माना डोलावल्या. बिलावर शिक्का नव्हता तेव्हा वीस मिनिटं गेली होती. इथे दोन मिनिटांत एकमत झालं. तज्ज्ञ मॅडमनी तेवढी मान हलवली नाही. त्या वाचत होत्या.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. त्याच आठवड्यात मी विद्यापीठाला सगळं लिहून दिलं, खाली माझी सही करून. जूनचा आदेश मला आला नाही. माझे तास दुसऱ्या कुणाला दिलेत. एका शिकवणीत दहावीच्या पोरांना इतिहास-भूगोल शिकवते. सरांना मोठा प्रकल्प मिळाल्याचं ऐकते. पान काचेवर तसंच आहे. चावी तशीच सुपरवायझरकडे.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज गोड. "अगं, चौकशी लागलीय. तू पण अडकशील, बघ. अंगठे तुझेच आहेत. 'गैरसमजातून बोलले' एवढं लिहून दे. कायम पदाची जाहिरात येतेय. निवड समितीवर मी आहे."

मी विचारलं, "सर, सतरा नंबरचा फॉर्म वाचलात का?"

ते म्हणाले, "कुठला सतरा नंबर?"

मी फोन ठेवला. रागाने. भीतीने नाही, याचं मला बरं वाटलं.

उद्या अकराला चौकशी आहे. पत्रात लिहिलंय, आरोपी म्हणून हजर राहावे. राहते. गुन्हा केलाय, तो मी स्वतःच्या नावाने, सहीने लिहून दिलाय. काय शिक्षा करायची ती करा. पुन्हा कुठल्या कॉलेजात उभं करू नका हवं तर. आवाज अजून येतो. तो जावा म्हणून मी हे करत नाही. काकीला आता मी काहीही सांगितलं तरी ती ऐकणार नाही, हे मला समजतं.

पण ते पान काचेवरून निघालं पाहिजे. अहवाल मागे घेतला पाहिजे. ज्या अडतीस जणींनी खरं सांगितलं त्यांच्या फॉर्मच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत. उद्या घेऊन जाणार आहे. तिथे ते फॉर्म मोजायला लागतील, ते मला माहीत आहे. मी मोजू देणार नाही. मोठ्याने वाचा म्हणेन. ते वाचणार नसतील तर मी वाचेन. पहिली बाई, दुसरी बाई, तिसरी बाई. जेवणाची वेळ होऊ दे, गाड्या खोळंबू दे, शिपाई बोलवा, पोलीस बोलवा. अडतिसावी बाई बोलून संपेपर्यंत मी त्या खोलीतून उठणार नाही.